मला परत जायचं नाही

मी ज्यांच्याकडे कामाला होते, त्या वहिनींनी माझी बॅग बिल्डिंगच्या लॉबीत उघडली. सगळ्यांसमोर. परकर, आतले कपडे, पाळीचे पॅड, एकेक वस्तू काढून झटकली आणि लादीवर टाकली. सिक्युरिटीवाला मान फिरवून उभा राहिला. पोहून आलेल्या दोन बायका लिफ्टची वाट बघत होत्या. त्यातली एक मराठी. दर महिन्याला आमच्याकडे भिशीला यायची, माझ्या हातच्या कोथिंबीरवड्या डब्यात भरून न्यायची.

"जाता जाता काही उचललं नाही ना, ते बघतेय," वहिनी तिला म्हणाल्या.

ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली.

काहीच निघालं नाही. तरी मान माझीच खाली. गुडघ्यांवर बसून मी कपडे गोळा केले. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटत होती मला.

मी अकोल्याकडची. नवरा वारल्यावर पुण्यात वहिनींच्या माहेरी स्वयंपाकाला लागले. त्यांच्या मिस्टरांना सिंगापूरला नोकरी लागली, तेव्हा कामाचं परमिट काढून त्यांनी मलाही आणलं. लोकांना सांगायच्या, "ही आमच्या घरातलीच." माझ्या आडनावावरून जात कळत नाही. कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही.

गौरींना वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी, पुण्याहून आल्या. मी झोपायचे त्या स्टोअररूममध्ये त्यांना माझ्या उशाशी छोटा पितळी बुद्ध दिसला.

"म्हणजे तू त्यातली का?"

हॉलमध्ये सोफ्याशेजारी भलामोठा दगडी बुद्ध होता. त्याच्यावर खास दिवा सोडलेला. तो शोभेचा. तो चालत होता.

नैवेद्याच्या पुरणपोळ्या आजींनी कचऱ्यात टाकायला लावल्या. टाकायच्याही मीच. मी एवढंच म्हणाले, "आजी, दोन वर्षं सगळे माझ्याच हातचं खातायत."

वहिनींनी फाडकन थोबाडीत मारली. कानातलं रुतून रक्त आलं.

आणि मी काय केलं? म्हणाले, "चुकलं माझं." आजींच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

मार खाल्ल्याची लाज नाही वाटत. त्या वाकण्याची वाटते. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी परमिट रद्द. तिकीटही काढून तयार. "तोंड उघडलंस तर चोर म्हणून सांगेन सगळीकडे," वहिनी म्हणाल्या.

शेजारच्या घरी इंडोनेशियाची सिती कामाला होती. निघायच्या दिवशी सकाळी कचरा टाकायला गेले तेव्हा तिनं माझा कान बघितला. हळूच म्हणाली, "एअरपोर्टला मॅडमशी भांडू नको. पासपोर्ट काउंटर, मॅडम कॅनॉट गो इन. तिथं ऑफिसरला सांग, डोन्ट वॉन्ट गो."

लॉबीतून निघाल्यावर टॅक्सीत वहिनींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. आत जायच्या वेळी सोडावंच लागलं. काचेपलीकडे त्या थांबून राहिल्या.

रांगेत सुट्टीला निघालेली कुटुंबं. काउंटरवर एक मलाय बाई. तिनं माझा पासपोर्ट उघडला. सितीनं शिकवलेलं वाक्य मी म्हणाले, पण इतकं हळू की तिला ऐकूच गेलं नाही.

"हं? यू से व्हॉट?"

"मॅडम हिट मी. आय डोन्ट वॉन्ट गो."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. मागची माणसं दोन पावलं सरकली. पुन्हा तीच लाज, लॉबीतली. पण मी जागची हलले नाही. तिनं पासपोर्ट मिटला आणि फोन उचलला.

पोलीस आले. मला कामवाल्या बायकांच्या शेल्टरमध्ये ठेवलं. चौकशी संपेपर्यंत राहायचा पास मिळाला. चौकशीत साहेबांनी विचारलं, परमिट तर रद्द झालंय, तू घरी का जात नाहीस? दुभाषी बाई हिंदीवाल्या. मी विटाळाचं सांगितलं. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, इंग्रजीत काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.

मी म्हणाले, "असं सांगा, मी बुद्धाची आहे म्हणून माझ्या हातचं अन्न टाकून दिलं. बोलले म्हणून मारलं. आता मी इथं बोलू नये म्हणून मला परत पाठवतायत. माझं ऐकून घ्या, मग पाठवायचं तर पाठवा."

मधल्या काळात वहिनींच्या मिस्टरांचा फोन आला. "तक्रार मागे घे. परदेशात आपल्या माणसांचीच अब्रू जाते."

"दादा, लॉबीत माझे कपडे पडले होते, तेव्हा मी आपली नव्हते का?"

त्यांनी फोन ठेवला.

माझा कान बघितल्याचं सितीनं स्वतः येऊन पोलिसांना सांगितलं. तिचंही काम जाऊ शकत होतं. वहिनींना कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला, दंड झाला. मला दुसरीकडे काम करायची परवानगी मिळाली.

लाज गेली, असं मी म्हणणार नाही. मराठी बाई समोरून आली की आजही मान आपोआप खाली जाते. मी ती वर करते. करावी लागते.

आता नव्या घरी पहिल्याच दिवशी सगळं सांगते. नाव, गाव, जात. ज्यांना माझ्या हातचं चालत नाही, त्यांनी तिथंच तसं म्हणावं. पण मला घालवायचं असेल तर कारण चारचौघांत, मोठ्यानं सांगावं लागेल. आणि मी तिथंच उभी राहून उत्तर देणार.