चुण्या घातलेले दात

फ्रॉक आणि पडदे शिवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली धावदोरा म्हणायची. चालणं तसं, बोलणंही तसं. मध्ये कुठे गाठ म्हणून नाही. अर्थात पाठीमागेच म्हणायची. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण बाईंच्या ओठांत कायम टाचण्या असत.

हसताना मात्र बाई तोंडावर हात धरत. पुढचे दोन दात भांडून बसलेल्या जावांसारखे, मध्ये ही एवढी फट. धाकटी बहीण लहानपणी म्हणायची, "ताई, तू बोललीस की वारा येतो." ती लग्न करून दूर गेली आणि आता कितीतरी वर्षांनी राहायला येणार होती. तिच्यासमोर एकदा तोंड भरून हसायचं, एवढ्या हट्टापायी पन्नाशीला टेकलेल्या बाईंनी दातांना तारा बसवून घेतल्या.

"या वयात? आता कुणाला पसंत पडायचंय?" शेजारणीने विचारलंच.

"ज्याला पडायचं होतं तो पडलाय," बाई म्हणाल्या, "आतल्या खाटेवर. अजून उठला नाही."

दवाखान्यातून तार आवळून घेऊन आल्या की पुढचे काही दिवस बाई जणू गुंगीतच असत. हिरड्या ठणकत, गालाला आतून तार टोचे, दुधात बुडवलेला पावही गिळवत नसे. दुपारी मशीनवर मान कलली की दात स्वप्नात येत. पांढरे झगे घातलेल्या मुलींसारखे, एकमेकींचे हात धरून, निळसर धुक्यातून अलगद सरकत. "अगं, भरभर चला गं!" बाई मागून ओरडत. मुली आपल्या रमतगमत, मध्येच थांबून आकाश बघत. जाग येई तेव्हा सुई कापडात तशीच आणि जिभेला लागणारी फटही तेवढीच.

बहिणीच्या येण्याचा दिवस जवळ आला तसा बाईंचा धीर सुटला. झग्याला चुण्या घालताना त्या कच्चा टाका घालून दोरा सर्रकन ओढत. कापड निमूट गोळा होई. मग दात काय आभाळातून पडलेत? आरशापुढे बसून त्यांनी बटणाचा जाड दोरा पुढच्या दोन दातांभोवती गुंडाळला आणि दिला हिसका. दातावर चिकटवलेली छोटी खिट्टी टपकन हातात आली, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

दातांची डॉक्टरीण भाचीच्या वयाची. दोरा सोडवताना ती म्हणाली, "मावशी, दात मुळाशी हाडात रुतलेले असतात. हाड सावकाशच वाट देतं."

"पण ती शनिवारी येतेय गं!"

"येऊ दे की. फट बुजायला अजून बरेच महिने लागतील. आणि सध्या फार हसू नका. ओठ सुजलाय, तारेत अडकेल."

शनिवारी बहीण दारात उभी राहिली. "ताई!"

बाईंनी ओठ गच्च मिटून नुसती मान हलवली.

"रागावलीस? अगं, बोल ना!"

नाइलाज झाला. ओठ जेमतेम हलवत बाईंनी सगळं सांगून टाकलं, बटणाच्या दोऱ्यासकट. बहिणीने डोळे विस्फारले.

"म्हणजे तू स्वतःच्या तोंडाला चुण्या घालायला निघालीस?"

"हसवू नकोस मेले, डॉक्टरांनी मनाई केलीय!"

बहिणीला तेवढंच पुरलं. ती दारातच बसकण मारून खिदळायला लागली, आणि बाईंचा बांध फुटला. तार, सूज, फट, सगळं उघडं टाकून त्या हसल्या. ओठ अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, "आई गं!" म्हणत त्या आणखीच हसल्या; आणि बहीण हसण्याने थरथरणाऱ्या बोटांनी त्यांचा ओठ तारेतून सोडवत राहिली.