पाणी नाही, सबब बोडी नाही

आमच्या यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. आमदार झाले ते त्याच गुणावर. चांदा जिल्ह्यातली मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली होती, मालगुजार मात्र जागच्या जागी होते. आमच्या भागात दोन होते आणि दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. राजधानी नागपूरहून मुंबईला गेल्यानंतरची ती पहिली निवडणूक. एकाने यांना बोलावून विचारले, “माहा माणूस म्हणून उभा राहशीन का?” हे म्हणाले, “हो जी.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानेही तेच विचारले. हे म्हणाले, “हो जी.” तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. यांच्या पेटीवर शिडीचे चित्र होते. दोघाही मालगुजारांनी आपापल्या गावांत सांगितले, कागद शिडीच्या पेटीत टाका. हे निवडून आले. खोटे बोलले म्हणावे, तर तेही नाही. हे मनापासून दोघांचेही होते.

मला पाहायला आले तेव्हाही वडीलधाऱ्यांनी “पोरगी पसंत आहे ना?” असे विचारले होते आणि यांनी खाली मान घालून “हो जी” म्हटले होते. माझ्या जागी शेळी बांधली असती तरी हेच उत्तर आले असते, अशी माझी खातरी होती. संसाराला दहा वर्षे झाली तरी ते मनातून जाईना.

हे निवडून आले त्याच पावसाळ्यात आमच्या गावची बोडी फुटली. बोडी म्हणजे धानाच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेले लहान तळे. पाऊस दडी मारून बसला की बोडीचे पाणी सोडायचे आणि धान वाचवायचे. तिचे पहिले पाणी माझ्या बांधीत उतरे. ती बांधी, म्हणजे धानाचा तो तुकडा, माझ्या वडिलांनी माझ्या नावाने दिलेला. सासरी माझे म्हणावे असे तेवढेच होते. पाळ वाहून गेली, मागून पाऊस गेला, आणि माझे धान उभ्याउभ्या वाळले. पुढच्या रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आत पाळ बांधली नाही, तर पुन्हा तेच होणार होते.

घरात आमदार असून काय जाळायचे आहे? मी चौथी पास. अर्ज मीच लिहिला: ‘आमचे गावची बोडी फुटली आहे. ती लवकर दुरुस्त व्हावी.’ खाली यांनी सही केली आणि नागभीडला जाऊन गाडीत बसले.

अर्ज मुंबईत पोचला आणि तिथे त्याचे इंग्रजी झाले. तिकडच्या लोकांनी बोडी कुठे पाहिलेली? त्यांनी बॉडी वाचले. गावची बॉडी, म्हणजे पंचायत, ती फुटली. महिन्याभराने जीपमधून एक साहेब उतरले आणि त्यांनी पाचही पंचांना कडुनिंबाखाली बसवले.

“दोन गट कोणते ते सांगा,” साहेब म्हणाले.

पंचांचे आपसात कधी वाकडे नव्हते. पण एवढा मोठा माणूस एवढ्या लांबून आला, त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? आमच्याकडे पाहुण्याचा मान मोठा. दोघे उठून झाडाच्या डावीकडे बसले, तिघे उजवीकडे. साहेबांनी भांडणाचे कारण विचारले. डावीकडच्या एकाला बिचाऱ्याला काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, “याच्या बापानं माह्या बापाचा बैल नेला होता जी.” उजवीकडचा उसळला, “कवा नेला?” साहेब समेटाचा कागद लिहून गेले आणि त्यांची जीप वेशीबाहेर पडायच्या आत हे पाचजण खरोखरचे हातघाईवर आले. गावची बॉडी फुटली, ती अशी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरा अर्ज मी स्वच्छ लिहिला: ‘ही बोडी माणसांची नसून पाण्याची आहे.’

त्यावर पोलिसांचा जमादार आला. पाण्यात बॉडी आहे म्हणून. बरोबर गळ, दोर आणि एक पाणबुड्या. फुटक्या बोडीत तेव्हा शेळ्या चरत होत्या.

“पाणी कुठे आहे?” जमादाराने विचारले.

“तेच तं आमी सांगून राह्यलो जी,” लोक म्हणाले.

पाणबुड्याने कपडे काढले होते, ते परत घातले. मग पंचनामा झाला: ‘समक्ष पाहिले. पाणी नाही, सबब बोडी नाही.’ जमादार आमच्या आजूबाजूचाच, म्हणून ‘बोडी’ हा शब्द त्याने तेवढा अचूक लिहिला. पाचही पंचांनी खाली अंगठे केले. दोघांनी डावीकडे, तिघांनी उजवीकडे.

आता एकच मार्ग उरला होता. यांनी सभागृहात उभे राहून प्रश्न विचारायचा. मी वाक्य पाठ करून घेतले, चुलीपुढे दहादा म्हणवून घेतले. हे मुंबईला गेले आणि विचारून आले. येताना छापील कामकाज घेऊन आले आणि त्यात आपले नाव कुठे आहे ते मला कौतुकाने दाखवू लागले. मी खालचे वाचले. मंत्र्यांनी सांगितले होते की पंचनाम्याप्रमाणे त्या गावी बोडी नाही, आणि बॉडीचा समेट झालेला आहे. सन्माननीय सदस्यांचे समाधान झाले काय? पुढे छापले होते: ‘हो जी.’

“तुमी हो काऊन म्हणलं?” मी ओरडलेच.

“एवढी मोठी माणसं इचारून राह्यली होती,” हे म्हणाले, “त्याईले नाई कसं म्हणू?”

मी त्या दिवशी यांना जेवायला वाढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ आणि घमेले घेऊन एकटीच बोडीवर गेले. थोड्या वेळाने हे आले, काही न बोलता माती उचलू लागले. आमदार माती वाहतो हे पाहायला गाव जमले, आणि पाहता पाहता कामाला लागले. पण दोन्ही गट एकमेकांशेजारी उभे राहीनात. दोघा पंचांची माणसे डाव्या टोकाकडून निघाली, तिघांची उजव्या टोकाकडून. मध्यावर आली तेव्हा पाळी एकमेकींना चुकल्या, हातभर इकडे, हातभर तिकडे. तिथे वाकण, म्हणजे वळण, घालून त्या जोडाव्या लागल्या. पण पाऊस आला आणि पाळ टिकली. बोडी भरली. माझ्या बांधीत रोवणा झाला.

धान गुडघ्याला लागले तेव्हा आणखी एक साहेब आले. त्यांच्या हातात जमादाराचा पंचनामा होता.

“दफ्तरात या गावी बोडी नाही,” ते म्हणाले. “मग ही कुठून आली? विनापरवाना आहे. फोडावी लागेल.” मग ते यांच्याकडे वळले. “आमदारसाहेब, सभागृहात आपलेही समाधान झाले आहे. तेव्हा फोडू या ना?”

मी बांधीत चिखलात उभी होते. यांचे तोंड उघडले. त्या तोंडातून काय येणार ते मला ठाऊक होते.

“नाई जी,” हे म्हणाले.

साहेबांना वाटले, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारले.

“नाई जी. फोडू देत नाई.”

यासाठी साहेबांजवळ छापील कागद नव्हता. ते माघारी फिरले, तर जीप चिखलात रुतली. ती काढायला दोन्ही गटांना एकत्र खांदा द्यावा लागला. यांचे राजकारण मात्र तिथेच संपले. दोन्ही मालगुजारांच्या कानी गेले की याला नाही म्हणता येते. असला माणूस कुणाच्या काय कामाचा? पुढच्या निवडणुकीला दोघांनी दुसरा माणूस शोधला.

त्या दिवशी मला निवडणुकीचे काही पडले नव्हते. सगळे पांगल्यावर मी पाळीवर चढले आणि दहा वर्षे पोटात ठेवलेले विचारून टाकले.

“मले पाह्याले आले होते, तवा बी तुमाले नाई म्हणता आलं असतं का?”

यांनी पाळीवरचे एक ढेकूळ पायाने दाबून बसवले.

“आलं असतं,” हे म्हणाले.

“मंग ‘नाई’ काऊन नाई म्हणलं?”

“म्हणायचं नव्हतं,” हे म्हणाले, आणि वाकणापाशी पाणी झिरपते का ते पाहायला खाली उतरले.