पहाटे पाचचा कॉल

टेलिफोन खात्यात असताना पहाटेची गाडी गाठणाऱ्यांना फोन करून उठवायचं काम मी बरीच वर्षं केलं. निवृत्त होऊन मुलाकडे चेन्नईला आले, तेव्हा वाटलं, सुटले. मुलगा सकाळीच सिरुसेरीला ऑफिसात पळायचा, सून त्याच्याआधी. दिवसभर घरात मी आणि वॉशिंग मशीन. शेवटी जवळच्या सरकारी शाळेत गणित शिकवायला फुकट मदतीला जाऊ लागले.

मुख्याध्यापिका बाई निघाल्या तंजावरकडच्या मराठी. माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून 'मज' आणि 'तुम्हांस' असं पोथीतलं मराठी यायचं आणि मध्येच 'ऐयो' यायचं. मला फार गंमत वाटायची. त्यांना मात्र त्या वर्षी गंमत सुचत नव्हती. दहावीचा निकाल दोन वर्षं घसरला होता. वरून हुकूम आला होता की यंदा शंभर टक्के लागला नाही, तर प्रत्येक नापास मुलामागे लेखी खुलासा द्यायचा. मुलांसाठी मदतही होती: सकाळचा जादा वर्ग, सुंडलची म्हणजे उकडलेल्या चण्यांची वाटी आणि दत्तक योजना. कच्चं मूल एकेका शिक्षकानं दत्तक घ्यायचं, रोज पहाटे पाचला फोन करून त्याला अभ्यासाला उठवायचं आणि तशी नोंद वहीत करायची.

"तुम्हांस अनुभव आहे," बाई म्हणाल्या आणि वर्गातली सगळ्यात कच्ची मुलगी माझ्या पदरात टाकली.

ही मुलगी कुप्पममधली, म्हणजे आपल्या भाषेत कोळीवाड्यातली. बाप नाही, आई मासे विकणारी. पोरगी गोड, पण वर्गात बसली की दहाव्या मिनिटाला मान खाली. बाईंनी परीक्षेच्या यादीत तिचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. वेळ आली तर खोडायचं आणि तिला बाहेरून बसवायचं, आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात तसं. शाळेच्या निकालातून एक नापास कमी.

माझं डोकं फिरलं. "पोरगी बाहेर गेली की परत येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण मेमो मज येईल. तुम्हांस नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी चंग बांधला. रोज पाचच्या ठोक्याला फोन. पलीकडून आई उचलायची, मागे हा गोंधळ. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी विचारायची, "मुलगी उठली?" आई म्हणायची, "उठली, उठली." मी वहीत लिहायची: उठवले. दोन आठवडे वही कशी झकास भरली. आणि पोरगी वर्गात आणखीच झोपायला लागली.

मला वाटलं, आई मला थापा मारते. एका शनिवारी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. पहिली बस धरून, फोन न करता, साडेपाचला कुप्पममध्ये हजर झाले. नावा लागल्या होत्या आणि वाळूवर आमची पोरगी उकिडवी बसून कोळंबी निवडत होती, लहान इकडे, मोठी तिकडे. हात बर्फानं पांढरे पडलेले. मला बघताच ताडकन उठून वर्गात म्हणतात तसं "गुड मॉर्निंग, मिस" म्हणाली.

आई चिंतेनं माझ्याकडे आली. "आज फोन नाही केलात, अम्मा? बरं नाही का?"

"ही कधी उठते?" मी विचारलं.

"तीनला. मी एकटी कुठवर करू?"

तीन वाजता उठलेल्या मुलीला मी दोन आठवडे रोज पाचला उठवत होते! हसावं की रडावं कळेना. बसमध्ये बसून मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

सोमवारी बाईंना सांगितलं, "हिला उठवायचं नाही. झोपवायचं आहे."

"ऐयो! त्याचा रकाना कुठे आहे?"

रकाना नव्हता, तरी आम्ही सुरू केलं. जादा वर्गात पाऊण तास ती मागच्या खोलीत चटईवर झोपायची आणि उठली की माझ्यासमोर बसून गणितं. महिन्याभरात समीकरणं सुटायला लागली. अपूर्णांकाशी मात्र तिचं शेवटपर्यंत हाडवैर राहिलं.

मग एक दिवस न कळवता तपासणीचे साहेब आले आणि नेमकं मागच्या खोलीचं दार उघडलं. पोरगी चक्क घोरत होती.

"हे काय आहे?"

बाईंचा चेहरा पांढराफटक. पण त्या म्हणाल्या, "सर, साहाय्य योजना. पहिला टप्पा."

"आणि दुसरा?"

"उठणे, सर."

साहेबांनी खिशातून डायरी काढली. "परीक्षेच्या यादीत नाव आहे हिचं?"

"आहे," बाई म्हणाल्या. साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि गेले. दुपारी बाईंनी त्या पेन्सिलीवरून शाईचं पेन फिरवलं. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पोरगी पास झाली. गणितात त्रेचाळीस. तो आकडा बघून मी शाळेच्या ऑफिसात सगळ्यांदेखत रडले, सांगायला लाज वाटत नाही.

मेमो तरीही आलाच. नापास झाली पहिल्या बाकावरची एक मुलगी, हमखास पास होणारी म्हणून जिला कोणीच दत्तक घेतलं नव्हतं. तिच्या घरी काय चाललं होतं, ते आम्हाला निकालानंतर कळलं.

खुलासा लिहायला बसल्यावर बाईंनी वर तारीख घातली आणि पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? त्या झोपाळूचं नाव मी साहेब आले त्याच दिवशी खोडणार होते. रबर काढून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, तेव्हा भीतीनं 'आहे' निघून गेलं. मग खोडता येईना."

एका पोरीचं वर्ष एका घाबरट 'आहे'वर तरलं होतं. मला राग यायला हवा होता; आला नाही.

तेवढ्यात ती झोपाळूच दारात येऊन उभी राहिली, अकरावीच्या अर्जावर सही घ्यायला. बाईंनी खुलाशाचा कागद बाजूला सारला आणि आधी तिचा अर्ज ओढून घेतला.