मणियारआपाची भट्टी

आमच्या औशातली मणियारआपा बांगड्या भरताना हाताकडे बघतच नसे. बघायची ती बाईच्या तोंडाकडे. सासू कशी आहे, भाजी काय केली, माहेरी कधी जाणार, असलं काहीबाही विचारत राहायची आणि उत्तरं देईस्तोवर मनगट भरून जायचं. कुणी हात आखडला की म्हणायची, "ढिला सोड गं. काचेला घाई चालत न्हाई." भरताना फुटलेली बांगडी तिची, घरी जाऊन फुटली तर ती आपली, हा तिचा कायदा.

तडकलेली बांगडी बघून बायका धसकायच्या. आता नवऱ्याला प्रवासाला पाठवायचं की नाही, असं विचारायला तिच्याकडेच यायच्या. आपा खो खो हसायची. "काच हाय ती. तिला काय कळतंय तुझ्या नवऱ्याचं?"

मी लग्न होऊन औशात आले त्या सुमारास लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. जिल्हा झाला म्हणजे नोकऱ्या लागणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आपाचा एकुलता एक सलीम नव्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून रिकाम्या हाताने परतला. लग्नं लांबली, तशी आपाची टोपली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. शेवटी सलीमने सौदीला जायचं काढलं. आपा त्याला एका शब्दाने बोलली नाही. माझ्याकडे येऊन मात्र ढसाढसा रडली. "पोरगं गेलं तर मी कुणासाठी जगू गं?"

माझं माहेर नांदेडचं. आमच्या गल्लीत घरांवरच्या नावाच्या चकचकीत इनॅमल पाट्या भट्टीत भाजून देणारे एक काका होते. धंदा बंद करून ते विजेची भट्टी विकणार होते. हे मी सहज बोलले आणि आपाने डोक्यातच घेतलं. फुटक्या बांगड्यांचे तुकडे वितळवून रंगीत तबकड्या करायच्या, सलीमने त्या लातूरला विकायच्या, म्हणजे पोरगं घरी राहील. माहेरी जायला मिळतंय म्हणून मीही तिच्यासोबत निघाले.

भट्टी ट्रंकेएवढी होती, कोपरा चेपलेला. काकांनी बटण दाबलं, आतल्या तारा हळूहळू लाल झाल्या. त्या निवल्यावर आपाने दार पुन्हा पुन्हा लावून बघितलं, विटांवर टिचक्या मारून कान दिला. "आवाज खरा हाय." काका बजावत होते, "काच वितळली की बटण बंद करायचं आन् सकाळपर्यंत भट्टीला विसरायचं. पार गार व्हायच्या आत दार उघडलं की तडकलीच." आपा भडकली. "भाऊ, मला काच शिकवून राहिला का?" येताना भट्टी एसटीच्या टपावर आणि आपा खाली, दर खड्ड्याला "या अल्ला!" करत. सगळी गाडी हसत होती, शेवटी तीही हसली.

सलीमने हिरव्या बांगड्यांचे तुकडे फार सुंदर मांडले. सौदीचे कागद तोवर हातात आले होते. "अम्मी, ही नीट निघाली तर थांबतो," तो हसत म्हणाला, आणि काच वितळल्यावर बटण बंद करून बाहेर गेला. मी ओट्यावर बसले होते. आपा आत जायची, बाहेर यायची.

"आपा, बस ना जरा."

"हाव, बसते," म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

दिवस मावळायच्या आत तिने दार उघडलं. तबकडी अख्खी होती. इतका गर्द हिरवा रंग त्या उन्हाळ्यात आम्ही कुठेच पाहिला नव्हता. आम्ही दोघी बघत असतानाच टिंग झालं आणि आरपार चीर गेली.

सलीम आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा बेटा. काचेनंच सांगितलं." आणि त्याची बॅग भरायला बसली. बायकांच्या भीतीला हसणारी आमची आपा! मला तिचा राग आला, आणि तिच्याकडे बघवेनाही.

पुढे भट्टी तिने एकटीने बरीच वर्षं चालवली. तबकड्या एकजात चांगल्या निघायच्या. मी कौतुक केलं की म्हणायची, "आता घाई कुणासाठी करू?"

ती गेली तेव्हा सलीमला सुट्टी मिळाली नाही. नंतर आला आणि माझ्या ओट्यावर बसला. न राहवून मी म्हटलं, "तू थांबावास म्हणूनच तिने दार लवकर उघडलं रे. तिला दम निघेना."

"ठावं हाय, भाभी. मी आलो तवा भट्टी गरमच होती." मग त्याला रडू फुटलं. "फुटली तरी मी थांबणारच होतो. ती थांब म्हणंल म्हणून दारात उभा ऱ्हायलो. म्हणलीच न्हाई."