व्यंकटी टेलरची मायक्रोबायोलॉजी

उमरीत स्टेशनच्या रस्त्याला व्यंकटीचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं खोकं, एक मशीन आणि मनात आलं तर फिरणारा पंखा. माणूस सातवीपर्यंत शिकलेला, पण चौकस इतका की गिऱ्हाईक वैतागावं. पँट अल्टर करायला आलेल्या कंडक्टरला हा तिकिटाच्या मशीनमध्ये शाई कुठून येते ते विचारणार, आणि उत्तर पटलं नाही तर पँट दोन दिवस लांबणार. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत मात्र त्याला जेवायलाही फुरसत नसते.

अशाच एका जूनमध्ये, भर बाजाराच्या दिवशी, त्याची मुलगी धम्मप्रिया नांदेडहून थेट दुकानात येऊन उभी राहिली. त्यांच्या घरात कॉलेजला गेलेली ती पहिली. बी.एस्सी.ला होती. जंतूंच्या जेनेटिक्सचा पेपर तिचा दोनदा राहिला होता आणि तिसरी खेप परवावर आली होती. आता राहिला तर वर्ष जाणार, वसतिगृहातली जागाही जाणार.

"मी न्हाई बसत परीक्षेला," ती म्हणाली. "काज-बटणं करते. तुम्हाला बी हातभार लागंल."

तीस वर्षं मशीन मारून व्यंकटीच्या कमरेचा भुगा झाला होता, तो पोरीने या स्टुलावर बसू नये म्हणूनच. पण रागावलं तर ही आणखी हट्टाला पेटणार. हातातली पँट उसवत तो म्हणाला, "कर की काजं. पण काय येत न्हाई ते तरी सांग."

"डीएनएची नक्कल. तुम्हाला न्हाई कळायचं."

"न्हाई कळलं तर विचारीन."

मग ती पाठ म्हटल्यासारखी सांगू लागली. जंतूच्या पोटात डीएनए असतो, दोन धाग्यांचा पीळ. जंतू एकाचे दोन व्हायच्या आधी तो पीळ उसवत जातो आणि दोन्ही जुन्या धाग्यांना नवा जोडीदार धागा तयार होत जातो. तो तयार करणारं एन्झाइम एकाच दिशेनं चालतं, आणि जुने दोन धागे मात्र एकमेकांच्या उलट दिशेचे असतात.

व्यंकटीचा हात थांबला. "थांब. ही शिवण मी उसवून राहिलो, तसंच ना? आता दोन्ही काठांना नवी पट्टी लावायची. ह्या काठाला मशीन उसवणीच्या मागं मागं जाईल, सरळ. पण त्या काठाचं तोंड उलटं. तिथं कसं?"

"तिथं बी सरळच..." म्हणता म्हणता ती थबकली. दोन्ही पेपरांत तिने हेच लिहिलं होतं.

"सरळ कसं? थोडं उसवायचं, उलटं शिवून यायचं. परत थोडं उसवायचं, परत शिवायचं. तुकडेच पडणार."

"ओकाझाकी तुकडे," ती हळूच म्हणाली. नाव दोन वर्षांपासून पाठ होतं, ते तुकडे पडतात कशाला हे आज दिसलं. "आणि ते एन्झाइम कोऱ्यावर सुरूच होत न्हाई, बाबा. आधी आरएनएचा बारका तुकडा लागतो. त्याला धरून पुढं चालतं."

आता खोटं कशाला बोला, व्यंकटी हे ऐकून पोरासारखा खूश झाला. कोऱ्या काठावर मशीन चालवली की सुरुवातीलाच दोरा गोळा होतो, म्हणून तो आधी सुईखाली चिंधी घालायचा, तिच्यावरून टीप कापडावर न्यायचा आणि मग चिंधी कापून टाकायचा. त्याने लगेच तसं करून दाखवलं. "तुमची चिंधी ठेवतात का काढतात?"

"काढतात. त्या जागी डीएनए भरतात आणि तुकडे सांधतात." आता ती थांबेना. आरएनए एकेरी असतो, त्याच्या साखरेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो म्हणून तो लवकर तुटतो, डीएनएतल्या थायमिन या घटकाच्या जागी त्यात युरॅसिल असतं, आणि जुळणाऱ्या जोड्या समोरासमोर आल्या की तो आपल्याच अंगावर दुमडतो. काजं तशीच पडून राहिली.

व्यंकटीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एक अडचण हाय. अगदी टोकाची चिंधी काढली की ती जागा उघडीच राहणार. मागं धागाच न्हाई, तर भरणार कशाला धरून? दर खेपेला धागा आखूड होणार. तुझा जंतू चार पिढ्यांत संपला म्हण."

हे तिच्या नोट्समध्ये नव्हतं. मोबाइलकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि कापून टाकलेली चिंधी बोटाभोवती गुंडाळत राहिली. बाहेर गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं.

"टोकच न्हाई," ती एकदम म्हणाली. "जंतूचा डीएनए गोल असतो, बांगडीसारखा. कुठली बी चिंधी काढा, तिच्या मागं धागा असतोच."

"हे पुस्तकात हाय का?"

"असंल. मी आत्ता माझं मीच काढलं."

व्यंकटीचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. मग तिनेच विचारलं, "नांदेडची गाडी कवा हाय, बाबा?"

गाडी पाऊण तासाने होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच व्यंकटीने बाजाराच्या दिवशी दुकान बंद केलं आणि पोरीला गाडीत बसवायला गेला.