सरोजिनी पगारेवर गो-स्लोचा आळ

सरोजिनी पगारे सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. साल अठ्ठ्याऐंशी. नाशिक रोडच्या बौद्ध वस्तीतली, जिभेला धार. घरात मिळवती एकटी. प्रोबेशन संपत आलेलं. कायम होणार की घरी बसणार, एवढाच प्रश्न.

काम असं: युनिक्सचं मशीन, त्याला मोडेम, मोडेमला टेलिफोनची तार. रोज संध्याकाळी मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावून दिवसाच्या उत्पादनाचे आकडे पाठवायचे. मोडेम सेकंदाला बाराशे बिटच्या वेगाचा. पण लाइन खरखरली की तो आपणहून तीनशेवर उतरायचा. मशीनचं पोर्ट, म्हणजे मोडेम जिथं जोडलेला ती खाच, मात्र बाराशेवरच बोलत राहायचं. मग पडद्यावर नुसता कचरा. बोलणारा धावतोय, ऐकणारा चालतोय, कसं जमणार? सरोजिनीने पोर्टही तीनशेवर आणलं. अक्षरं सरळ आली. काम उशिरा, पण धड व्हायला लागलं.

झालं! इथंच सगळ्यांची डोकी फिरली.

मॅनेजर गर्गेसाहेब लेथवरून वर चढलेले. कामगाराने मशीनचा वेग कमी केला की त्यांना एकच अर्थ ठाऊक. त्यात तेव्हा आसपासच्या कारखान्यांत गो-स्लो चालू, म्हणजे मागण्यांसाठी मुद्दाम हळू काम. दिला मेमो हातात: जाणूनबुजून यंत्र मंद केलं.

आणि आमची युनियन? सेक्रेटरी चिमाजी हार घेऊन हजर!

"शाब्बास, सरोजिनीताई! ऑफिसातला पहिला गो-स्लो तुमचा!"

"चिमाजीभाऊ, तो हार ठेवा तिकडं. मी काम चालू ठेवलंय, पाडलं नाही."

"असं साहेबाला सांगू नका ना! गेटवर घोषणेत नाव घातलंय तुमचं."

"काढा ते. नोकरी गेल्यावर घोषणा शिजवून खाऊ?"

अरे, निदान विचारायचं तरी तिला! साहेबाने नाही, आपल्या माणसानेही नाही.

तिने दोघांनाही मशीनपुढे आणून उभं केलं. लाइन खरखरत होतीच. पोर्ट बाराशेवर टाकून फोन लावला. पडद्यावर कचरा.

"वाचा, साहेब."

मग तीनशेवर आणलं. अक्षरं स्वच्छ.

गर्गेसाहेब हटेनात. "पण मोडेमला हळू चालायला सांगितलं कुणी?"

"म्हणजे मोडेमच आपला मेंबर!" चिमाजी खूश.

सरोजिनीचा पारा चढला. "मेमो त्या तारेला द्या, आणि हारही तिलाच घाला!"

मेमो परत घेतला. ती कायमही झाली. पण हार मानेल तर तो साहेब कसला! नवा हुकूम निघाला: वेग कमी करण्याआधी मॅनेजरची लेखी परवानगी घ्यावी. आता लाइन खरखरली की सरोजिनी कागद घेऊन जिना चढणार, साहेब चष्मा शोधून सही करणार, आणि ती खाली येईपर्यंत फोन तुटलेला.