बारा वर्षांच्या पोरीचं बीपी

अन्याय झाला माझ्या धाकट्या बहिणीवर. मनीषावर. वय बारा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच सोमवारी सकाळी, लिंबायतच्या एका दवाखान्यात. मी शेजारी उभी होते.

डोकं ठणकायचं तिचं. पाय गळायचे, जिन्यात कठडा धरून बसायची. सारखी तहान, सारखी लघवी. शाळेतल्या बाईंनी तिला दाराजवळ बसवलं होतं, सगळ्या वर्गाला ऐकवून: "हिचा नळ गळतो."

पप्पांचं डोकं असंच ठणकायचं तेव्हा बीपी निघालं होतं. म्हणून आई डॉक्टरला एवढंच म्हणाली, "साहेब, इन्हं बीपी मोजी ल्या ना."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. कंपाउंडरकडे बघून गुजरातीत म्हणाला, "आ छोकरी मिल चलावे छे के शुं?"

ही पोरगी काय मिल चालवते! बाकावरचे पेशंट हसले. कंपाउंडर हसला. आईसुद्धा हसली. ते मला अजून सहन होत नाही. अपमान आपला, आणि हसायचंही आपणच. का, तर साहेब रागावू नयेत.

"स्कूल नहीं जाना है इसको. कमजोरी है. नमक-चीनी का पानी पिलाओ. चलो, नेक्स्ट."

मीठ-पाणी आमच्या घरात होतंच. पप्पा पांडेसऱ्याला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात. तिथल्या उकाड्यात भोवळ येऊन पडू नये म्हणून सगळे कामगार बाटलीत मीठ कालवून नेतात. आमच्या गल्लीत चक्कर म्हटली की मीठ-पाणी. त्यात आता डॉक्टरनंच सांगितलेलं. आई मनीषाचीही बाटली भरायला लागली. "पी ले माय, आंगमा जीव येई." ती प्यायची आणि आणखी गळायची. आम्ही आणखी मीठ टाकायचो.

संक्रांतीनंतर एका दुपारी ती माझ्यासोबत साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसली. हात थांबला. "ताई, लाईट गेली का गं?"

लाईट चालू होती.

परत तोच दवाखाना. "फिर आ गए?" मी पेशंटच्या स्टुलावर बसले, मनीषाला मांडीवर घेतलं.

"बीपी मोजा."

"बच्चों का पट्टा नहीं है."

"मोठा बांधा."

"बाहर भीड है, उठो."

"मोजल्याशिवाय उठत नाही. बोलवा पोलीस."

आवाज फाटला होता माझा. उठले नाही.

शेवटी बांधला. मोठ्या माणसाचा पट्टा, तिच्या काडीसारख्या दंडाला. मोठ्या पट्ट्यात आकडा कमी दिसतो, हे मला पुढे कळलं. तरीही आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. "मशीन खराब होगा." परत मोजलं. मग मुकाट्यानं मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. माफी नाही.

तिथं कळलं. मूत्रपिंडाच्या वर एक छोटी ग्रंथी असते. मनीषाच्या त्या ग्रंथीत गाठ आहे. ती एक हार्मोन वाजवीपेक्षा जास्त सोडते. मग शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून घालवतं. म्हणून पाय गळतात. म्हणून तहान. म्हणून बीपी चढतं, आणि त्या बीपीनंच तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला. आणि आम्ही वरून रोज मीठ पाजत होतो.

गाठ काढायची आहे. त्याआधी बीपी खाली यायला हवं. अजून येत नाही. डाव्या डोळ्यानं तिला अजून दिसत नाही, पुढे दिसेल का ते कुणी सांगत नाही. मनीषा विचारते, "ताई, मी मरेन का?" मी तिच्या हातावर बीपीची गोळी ठेवते.

पण आता मी गप्प बसणार नाही. लिंबायतच्या शाळांच्या फाटकांवर उभी राहून पोरांचं बीपी मोजा म्हणून सांगीन, दवाखान्यांच्या दारात पत्रकं वाटीन, ढकलून काढलं तर परत येईन.

तुम्ही हे वाचून हळहळू नका. तुमच्या हळहळीचं मी काय करू? उद्या तुमच्या पोराला न्या आणि बीपी मोजून घ्या, लहान मुलांच्या पट्ट्यानं. आणि तुम्ही डॉक्टर असाल तर आत्ता बघा, तो पट्टा तुमच्या टेबलावर आहे का. नसेल तर आजच आणा. नाहीतर दारावरची पाटी उतरवा.